आपला तो बाब्या, रशियाचं ते कार्टं!

ऑगस्ट २०१६. आपल्यातले बरेचजण तेव्हा शाळेत होते. राखीपौर्णिमेच्या दिवशी, १८ तारखेच्या पहाटे, साक्षी मलिकनं रिओ ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचं ब्राँझ जिंकलं आणि भारताचं खातं उघडलं. १९ तारखेच्या संध्याकाळी पी. व्ही. सिंधूची फायनल होती, सगळा देश टीव्हीसमोर बसणार होता. या दोन आनंदांच्या मधे, १९ च्या सकाळी, आणखी एक बातमी आली. महाराष्ट्रातल्या तालमींना ती जास्त लागली. नरसिंग यादव रिओत मॅटवर उतरणार नाही. डोपिंगसाठी चार वर्षांची बंदी. त्याची कुस्ती त्याच दिवशी होती.

नरसिंग म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. मुंबईत तयार झालेला पैलवान. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये गोल्ड. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. पोलीस खात्यात डीवायएसपी. आणि त्याच्यानंतर महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीनदा खांद्यावर घेतली ती आपल्या विजय चौधरीनं, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या पोरानं. रिओच्या वेळी विजयच्या दोन गदा झाल्या होत्या, तिसरी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मिळायची होती. म्हणजे त्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या तालमीत कुठंही बसा, "नरसिंगचं रेकॉर्ड आपला विजय गाठतो का नाही भो?" हा विषय निघायचाच. त्यामुळे नरसिंगची बातमी आपल्यालाही घरातल्यासारखी वाटली.

आणि आपण सगळ्यांनी एका आवाजात निकाल दिला : कट आहे! पोराला अडकवलं. कोणीतरी जेवणात कालवलं.

कट होता की नव्हता याचा निकाल देणं हे या लेखाचं काम नाही. पण आपण तो निकाल किती पटकन दिला आणि कशाच्या जोरावर दिला, ते बघण्यासारखं आहे. कारण त्याच्या बरोबर आठवडाभर आधी आपण आणखी एक निकाल दिला होता, तोही एका आवाजात.

एका आठवड्यात दोन न्याय

१८ जुलै २०१६ ला मॅकलॅरन अहवालाचा पहिला भाग आला. रशियात सरकारी पातळीवर डोपिंग चालतं, सोचीच्या २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये लॅबच्या भिंतीला भोक पाडून रात्री लघवीच्या बाटल्या बदलल्या गेल्या, आधी साठवून ठेवलेली स्वच्छ लघवी त्यात भरली गेली, असं त्यात होतं. मॉस्कोच्या लॅबचा माजी प्रमुख ग्रिगोरी रॉदचेन्कोव्ह यानंच ते उघड केलं होतं. आपण काय म्हणालो? चोर आहेत साले. सगळ्यांना हाकला. त्यातला एखादा रशियन पोरगा खरंच स्वच्छ असेल का, हा प्रश्न आपल्याला पडलाही नाही.

२४ जुलैला नरसिंगच्या चाचणीची बातमी फुटली. आता मात्र आपल्याला सगळे प्रश्न पडले. सॅम्पल कोणी घेतलं? स्वयंपाकघरात कोण होतं? फायदा कोणाचा? संशयाचा फायदा द्यायला नको का?

आपल्याकडे म्हण आहे ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आंतरराष्ट्रीय खेळात फेअरनेसची चर्चा आपण करतो तेव्हा बहुतेक वेळा ती या म्हणीच्या पुढं जात नाही. आपल्याला न्याय पाहिजे असतो, पण तो आपल्या माणसासाठी.

नरसिंगच्या केसमध्ये काय होतं?

आधी वस्तुस्थिती. ७४ किलो वजनगटाचा ऑलिम्पिक कोटा नरसिंगनं सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून मिळवला होता. त्याच वजनगटात सुशील कुमार होता. दोन ऑलिम्पिक मेडलं नावावर असलेला, पण त्या काळात दुखापतीनं बाहेर बसलेला. त्यानं म्हटलं, आमची ट्रायल घ्या, जिंकेल तो रिओला जाईल. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, जून २०१६ मध्ये कोर्टानं ट्रायलची मागणी फेटाळली. नरसिंगचं तिकीट पक्कं झालं.

आणि त्याच महिन्यात, २५ जूनला सोनीपतच्या साई केंद्रात घेतलेल्या त्याच्या सॅम्पलमध्ये मेथॅन्डिनोन सापडलं. हे स्नायू वाढवणारं जुनं स्टेरॉइड आहे, जिमच्या दुनियेत 'डायनाबॉल' नावानं प्रसिद्ध. ५ जुलैच्या सॅम्पलमध्येही तेच. त्याच्याच खोलीत राहणारा पैलवान संदीप यादव, तोही पॉझिटिव्ह. नरसिंगचं म्हणणं असं की दुसऱ्या गटाच्या कोणीतरी आपल्या पेयात पावडर मिसळली. संदीप तर रिओला जाणारही नव्हता, मग तो कशाला घेईल, हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. भारताच्या 'नाडा'ला, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, हे पटलं आणि १ ऑगस्टला नरसिंगला क्लीन चिट मिळाली. आपण फटाके फोडले.

पण जागतिक संस्था 'वाडा'ला ते पटलं नाही. तिनं खेळाच्या लवादाकडं, म्हणजे 'कॅस'कडं अपील केलं. तिथं तज्ज्ञांनी सांगितलं की २५ जूनच्या सॅम्पलमधलं प्रमाण इतकं जास्त आहे की पाण्यात मिसळलेल्या पावडरीनं ते येणं पटत नाही, एक-दोन गोळ्या घेतल्यासारखं ते दिसतं. लवादानं म्हटलं की कटाचा ठोस पुरावा नाही, आणि एकापेक्षा जास्त वेळा गोळी घेतली असणं हीच जास्त शक्यता. चार वर्षं बंदी.

इथं एक नियम समजून घ्यायला पाहिजे, तो कॉलेजमध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावा. साध्या कोर्टात तुम्ही गुन्हेगार आहात हे पोलिसांनी सिद्ध करायचं असतं. डोपिंगमध्ये उलटं आहे. तुमच्या शरीरात बंदी असलेलं औषध सापडलं की नियमभंग झालाच. ते कसं आलं, त्यात तुमची चूक नव्हती, हे सिद्ध करायचं काम तुमचं.

ऐकायला हे जुलमी वाटतं. पण क्षणभर उलटं धरून बघा. "कोणीतरी मिसळलं" एवढं म्हटलं की सुटका, असा नियम असता तर? सोचीत भिंतीला भोक पाडणाऱ्यांनीही तेच म्हटलं असतं. १९८८ मध्ये सोलला १०० मीटर ९.७९ सेकंदात धावून पकडला गेलेला बेन जॉन्सनही ते म्हणाला असता. मग चाचणी करायचीच कशाला? नियम कडक आहे कारण पळवाट सोपी आहे. मला हा नियम पटतो. नरसिंगसाठी वाईट वाटूनही पटतो.

मला पटत नाही ते दुसरंच. नियम सगळ्यांना एकच आहे, पण त्या नियमासमोर उभं राहायची ताकद सगळ्यांकडे सारखी नाही.

दोन किचन, दोन गोष्टी

एप्रिल २०२४ मध्ये उघड झालेली एक गोष्ट बघा. २०२१ च्या सुरुवातीला चीनमधल्या एका स्पर्धेत २३ जलतरणपटू ट्रायमेटाझिडिन या हृदयाच्या औषधासाठी पॉझिटिव्ह आले. चीनच्या संस्थेनं सांगितलं, हॉटेलच्या किचनमध्ये या औषधाचे अंश सापडले, जेवणातून ते खेळाडूंच्या पोटात गेले. कोणाचं नाव जाहीर झालं नाही, कोणाला तात्पुरतंही निलंबित केलं नाही. 'वाडा'नं अपील केलं नाही. त्यातले काहीजण टोकियो ऑलिम्पिकला गेले, मेडलंही घेऊन आले. जगाला हे तीन वर्षांनी, पत्रकारांमुळं कळलं.

म्हणजे सोनीपतचं किचन लवादानं मानलं नाही आणि चीनचं किचन मानलं गेलं? रील बनवायला हे मस्त आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही केसेस सारख्या नाहीत. चिनी खेळाडूंमधलं प्रमाण अगदी नगण्य होतं, नरसिंगचं भरपूर होतं. 'वाडा'नं अपील न करणं गैर नव्हतं, असं नंतर नेमलेल्या एका स्वतंत्र वकिलानंही म्हटलं. शास्त्राच्या बाजूनं फरक आहे.

फरक नाही तो याच्यात : नरसिंगची केस भर बाजारात चालली. नाव, फोटो, खोली, ताट, सगळं टीव्हीवर. ऑलिम्पिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, परक्या देशात, काही तासांच्या सुनावणीत निकाल. त्या २३ जणांची केस बंद दाराआड चालली. एकाची फाईल चव्हाट्यावर आणि दुसऱ्याची कपाटात, याला समान न्याय म्हणता येत नाही. निर्णय बरोबर असला तरी नाही.

टेनिसचं उदाहरण घ्या. मार्च २०२४ मध्ये यानिक सिनर क्लोस्टेबॉल या स्टेरॉइडसाठी दोनदा पॉझिटिव्ह आला. त्याचं म्हणणं, फिजिओनं स्वतःच्या कापलेल्या बोटावर स्प्रे मारला आणि त्याच हातानं मला मसाज केला. प्रमाण अत्यंत सूक्ष्म होतं, कहाणी पुराव्यानिशी जुळत होती, ती मान्य झाली. तात्पुरतं निलंबन त्याच्या वकिलांनी काही दिवसांत उठवून घेतलं, तो खेळत राहिला. 'वाडा'नं अपील केलं आणि शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. एकही ग्रँड स्लॅम चुकली नाही. सिनर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्याच्या जागी शिरपूर तालुक्यातली एखादी धावपटू असती, तिच्या बाबतीतही अगदी हेच घडलं असतं, तर? तज्ज्ञ कोण आणणार? वकील कोण देणार? 'बी' सॅम्पल उघडायचं तर त्याचे पैसे कोण भरणार? ती खरं बोलत असली तरी ते सिद्ध करता येणार नाही. आणि सिद्ध न करता आलेलं खरं या नियमात खोट्यासारखंच मोजलं जातं.

खोकल्याची बाटली

हे परदेशातलंच आहे असं नाही. मुंबईचा पृथ्वी शॉ आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या सॅम्पलमध्ये टर्ब्युटलिन सापडलं. हे आपल्याकडच्या खोकल्याच्या औषधात सर्रास असतं. त्यानं सांगितलं, खोकला होता म्हणून मेडिकलवरून बाटली घेतली. बीसीसीआयनं ते मान्य केलं आणि आठ महिन्यांची बंदी घातली, तीही मागच्या तारखेपासून. जुलैच्या शेवटी बातमी आली तेव्हा निम्म्याहून जास्त बंदी संपली होती, आणि मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता.

इथंही नियमात फरक आहे. यादीतली काही औषधं अशी असतात की ती रोजच्या उपचारातून पोटात जाऊ शकतात, त्यांना शिक्षा कमी. मेथॅन्डिनोनसारखं स्टेरॉइड खोकल्याच्या बाटलीतून येत नाही, त्याला चार वर्षं. ते बरोबरच आहे. पण तेव्हा देशातल्या बाकी खेळाडूंची चाचणी 'नाडा' करत होती, क्रिकेट मात्र आपला कारभार आपण बघत होतं. क्रिकेट बोर्ड 'नाडा'च्या कक्षेत यायला तयार झालं ते या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०१९ मध्ये. एकाच देशात पैलवानाला एक दरवाजा आणि क्रिकेटरला दुसरा, हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं. तेव्हा कोणी फेअरनेसवर स्टेटस ठेवलं नाही.

फसवणूक कोणाची होते?

डोपिंगच्या बातमीत आपण पकडला गेलेल्याबद्दल बोलतो. ज्याचं गेलं त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

२००५ मध्ये मोनॅकोच्या वर्ल्ड अॅथलेटिक्स फायनलमध्ये अंजू बॉबी जॉर्जला लांब उडीत सिल्व्हर मिळालं. तिच्या पुढं होती रशियाची तात्याना कोतोवा. कोतोवाचं जुनं सॅम्पल कित्येक वर्षांनी पुन्हा तपासलं, ती दोषी निघाली आणि अंजूचं सिल्व्हर गोल्ड झालं, २०१४ मध्ये. नऊ वर्षांनी. तोवर स्टेडियम रिकामं झालेलं, राष्ट्रगीत वाजायचं राहून गेलेलं, अंजूचं खेळणंही संपलेलं. त्या नऊ वर्षांत वर्ल्ड फायनलची विजेती म्हणून जे कौतुक, जी संधी, जो पैसा मिळायला पाहिजे होता, तो कोण परत देणार?

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही तेच. मिश्र ४ x ४०० रिलेत बहारीन पहिलं आणि भारत दुसरा. बहारीनची केमी अडेकोया डोपिंगमध्ये सापडली आणि २०२० मध्ये भारताला गोल्ड मिळालं. महिलांच्या ४०० मीटर हर्डल्समध्ये चौथ्या आलेल्या अनु राघवनच्या गळ्यात त्याच निर्णयामुळं ब्राँझ आलं. आपण म्हणालो, बघा, न्याय झाला.

पण गोष्ट तिथं संपत नाही. त्याच सोनेरी रिलेतली आपली एम. आर. पूवम्मा २०२१ च्या चाचणीत पॉझिटिव्ह आली आणि २०२२ मध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. बहारीनकडून न्याय मिळवणाऱ्या टीमलाच न्यायाचा आरसा दाखवला गेला. ती बातमी मात्र आपल्या ग्रुपवर फारशी फिरली नाही. बाब्याची होती ना.

आकडे आपल्या विरोधात आहेत

आता जरा कडू. 'वाडा' दरवर्षी जगभरच्या चाचण्यांचे आकडे जाहीर करते. मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांमध्ये पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण सर्वांत जास्त कोणाचं? २०२२ मध्ये भारताचं, ३.२ टक्के. २०२३ मध्ये पुन्हा भारताचं, ३.८ टक्के. २०२४ मध्ये परत भारताचं, ३.६ टक्के. चीन, जर्मनी आपल्यापेक्षा जास्त चाचण्या करतात, तरी त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आत. आपण चाचण्या वाढवल्या म्हणून जास्त सापडतात, हे सरकारचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण चाचण्या वाढल्या की संख्या वाढते. टक्का वाढायचं कारण वेगळं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत काय झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. 'नाडा'चे अधिकारी स्टेडियमवर आल्याची कुणकुण लागली आणि खेळाडू गायब. पुरुषांच्या १०० मीटर फायनलला एकच जण लाईनवर उभा राहिला. स्टीपलचेसची एक मुलगी शर्यत संपल्यावरही धावतच राहिली आणि सॅम्पल घेणारे तिच्या मागं. बाथरूममध्ये वापरलेल्या सिरिंज सापडल्या. ही ऑलिम्पिक टीम नव्हती. आपल्या वयाची पोरं होती.

म्हणून "दिल्ली-हरियाणात चालतं तसलं, आपल्याकडं नाही" असं म्हणायच्या आधी आपल्या अंगणात बघू. सकाळी मेहरूण तलावाला चक्कर मारा किंवा धुळ्यात कुठल्याही मैदानावर जा. निम्मी पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करत असतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, ५० मार्कांचा खेळ. एका मार्कावर कोणी वर्दीत जातं आणि कोणी पुन्हा वर्षभर शेतात. अशा वेळी कानात सांगणारा एक 'सिनियर' प्रत्येक मैदानावर असतो. भो, हे एक इंजेक्शन घे, दम लागत नाही. जिममध्ये लेबल खरवडलेला पावडरचा डबा हातोहात फिरतो. मलाही एकदा असा डबा ऑफर झाला होता. "यात काय आहे?" विचारलं तर उत्तर आलं, "रिझल्ट आहे."

जिममध्ये विकलं जाणारं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन माहीत असेल. राज्यात पोलिसांनी त्यासाठी कितीतरी कारवाया केल्यात. मुळात ते ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं घसरलेलं बीपी वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात. धडधाकट पोरानं ते घेऊन १६०० मीटर पळणं म्हणजे हृदयाशी जुगार. आणि ते 'वाडा'च्या यादीतही आहे. म्हणजे भरतीसाठी घेतलेलं इंजेक्शन पुढच्या महिन्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेला तुम्हाला गोत्यात आणू शकतं.

भरतीच्या मैदानावर 'नाडा' येत नाही. म्हणून तिथं ते चालतं असं आहे का? शेजारच्या लाईनमध्ये अनवाणी पळणारी, कळण्याची भाकरी खाऊन आलेली पोरगी दोन सेकंदांनी मागं राहिली, तर ती अंजू बॉबी जॉर्जच आहे. फरक इतकाच की तिचं सॅम्पल नऊ वर्षांनी कोणी तपासणार नाही. तिला कधी कळणारही नाही.

मग करायचं काय?

"जागरूकता वाढली पाहिजे" असं म्हणून लेख संपवता येतो. मला तीन नेमक्या गोष्टी म्हणायच्यात.

पहिली, खेळाडूंसाठी. डॉक्टरकडं गेलात की पहिलं वाक्य : "मी खेळाडू आहे, माझी डोप टेस्ट होऊ शकते." औषध घ्यायच्या आधी 'नाडा'च्या 'नो युवर मेडिसिन'वर नाव टाकून बघा, फुकट आहे. खरंच आजार असेल आणि बंदी असलेलं औषध घ्यावंच लागणार असेल तर आधी परवानगी मागायची सोय नियमात आहे, ती वापरा. सप्लिमेंट घेत असाल तर बिल, डबा आणि बॅच नंबर जपून ठेवा. २०११ मध्ये भारताच्या सहा महिला धावपटू पकडल्या गेल्या, परदेशी कोचनं दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांमुळं झालं असं त्यांचं म्हणणं होतं. तरी शेवटी दोन वर्षांची बंदी आलीच. कोचनं दिलं, हे उत्तर चालत नाही. "सरांनी सांगितलं" हेही नाही.

दुसरी, कॉलेजांसाठी आणि आपल्या विद्यापीठासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून दरवर्षी शेकडो खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतात. त्यांना टी-शर्ट मिळतो, प्रवासभत्ता मिळतो. मग टीम निवडली की एक दिवस डोपिंगच्या नियमांचा वर्ग का मिळू नये? मराठीतून, आणि आदिवासी पाड्यांवरून आलेल्या पोरांना समजेल अशा भाषेत. बंदीची कागदपत्रं इंग्रजीत येतात आणि उत्तर द्यायला मोजके दिवस असतात. लॉ कॉलेज जळगावात आहे, धुळ्यातही आहे. तिथले विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून खेळाडूंसाठी मोफत मदत केंद्र चालवू शकत नाहीत का? सिनरकडं जे पैशानं होतं, त्याचा थोडा तरी भाग आपल्याकडं सहकार्यानं येऊ शकतो. केळी पिकवणाऱ्या आणि दूध संघ उभे करणाऱ्या मुलखाला सहकार शिकवायची गरज नाही.

तिसरी, आपल्या सगळ्यांसाठी, जे खेळत नाहीत, नुसते बघतात. २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला होणार आहे. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही आपण रांगेत आहोत. आपल्या जमिनीवर, आपल्या लॅबच्या भरवशावर जग खेळायला येईल. तेव्हा आपलाही कोणी पकडला जाईल, शेजाऱ्यांचाही कोणी. बातमी आली की आधी आडनाव आणि देश न बघता तीन प्रश्न विचारू : काय सापडलं? किती सापडलं? खेळाडूचं म्हणणं काय? हे प्रश्न रशियन पोरीसाठीही विचारायचे आणि सायगावच्या पोरासाठीही. उत्तर मिळेपर्यंत "चोर" म्हणायचं नाही आणि "कट"ही म्हणायचं नाही.

नरसिंगची बंदी संपली तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. पुन्हा मॅटवर आला, पण रिओ काही परत आलं नाही. तो खरं बोलत होता का, हे मला आजही माहीत नाही. पण त्या वेळी मी पुराव्याचा एकही कागद न वाचता त्याच्या बाजूनं भांडलो होतो, आणि त्याच्या आठवडाभर आधी एकही कागद न वाचता रशियाच्या विरुद्ध. त्यातली कुठलीही एक बाजू बरोबर निघाली असती, तरी माझं भांडणं फेअर नव्हतं.

उद्या सकाळी मैदानावर तो 'सिनियर' भेटला आणि म्हणाला, "भो, सगळेच घेतात," तर त्याला विचारून बघा : सगळे म्हणजे कोण? नावं सांग. बहुतेक वेळा तो गप्प बसतो. आणि त्याच्या मागून ती पोरगी शेवटचा राउंड पूर्ण करत असते, स्वतःच्या दमावर.